लेकराच्या नावाचा निधी: पैसे कुठे गोळा करावेत, कुठे ठेवावेत, कशावर खर्चावेत

दुर्मिळ आजाराने मूल गेलेल्या घरात महिना-दोन महिन्यांनी एक वाक्य हमखास येतं: ‘तिच्या नावाने काहीतरी करायचं.’ काका-मामा, सोसायटीतली माणसं, आई-बाबांच्या ऑफिसातले सहकारी, सगळे पैसे द्यायला तयार असतात. वर्षश्राद्धाच्या आत लाख-दोन लाख जमतातही. अडतं ते पुढे. पैसे कोणाच्या खात्यात घ्यायचे? पावती कोण देणार? खर्च नेमका कशावर करायचा? आणि तिसऱ्या वर्षी, सगळ्यांचं लक्ष दुसरीकडे गेलेलं असताना, हे कोण बघणार? आज आपल्याकडे यासाठी ज्या सेवा आणि ज्या वाटा आहेत, त्यांचं हे परीक्षण आहे.

आमचं मत आधीच सांगतो. पहिली दोन वर्षं स्वतःचा ट्रस्ट काढू नका. जनुकीय आजारांचा विभाग असलेल्या एखाद्या रुग्णालयाशी किंवा त्या आजाराच्या रुग्णसंघटनेशी लेखी बोलणी करा आणि निधी त्यांच्याकडे ठरावीक कामासाठी द्या. आठवणीचा निधी बहुतेक वेळा छोटा असतो. छोट्या, ठरलेल्या आणि वारंवार येणाऱ्या खर्चांवर लावला तर तो खूप मुलांना पुरतो. सोळा कोटींच्या इंजेक्शनच्या मागे लावला तर कुठे गेला ते कळतही नाही.

क्राउडफंडिंगची संकेतस्थळं

इंटरनेटवर आवाहन करून लोकांकडून थोडेथोडे पैसे जमवायची ही ठिकाणं. बंगळुरूचं मिलाप २०१० चं, मुंबईचं केटो २०१२ चं, इम्पॅक्टगुरू त्यानंतरचं. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफीच्या, म्हणजे स्नायू दुबळे करत नेणाऱ्या एसएमएच्या, मुलांसाठी २०२१ च्या आसपास मोठमोठी आवाहनं झाली, तेव्हापासून ही नावं मराठी घरांत रुळली. झोल्जेन्स्मा या जनुकीय उपचाराला अमेरिकेत मे २०१९ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांसाठी मान्यता मिळाली. तिथे त्याची जाहीर किंमत २१.२५ लाख डॉलर होती. ‘सोळा कोटी’ हा आकडा आला तो तिथून.

मूल जिवंत आहे, दिवस मोजके आहेत आणि अनोळखी लोकांपर्यंत पोचायचं आहे, अशा वेळी ही संकेतस्थळं खरोखर उपयोगी आहेत. दोन-तीन दिवसांत पान तयार होतं, रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक तपासलं जातं, पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात पाठवता येतात. आठवणीच्या निधीसाठी मात्र आम्ही त्यांना बरेच गुण कमी देऊ. कारणं तीन.

पहिलं कारण शुल्काचं. ‘प्लॅटफॉर्म शुल्क शून्य’ असं लिहिलेलं असलं तरी देणगीदाराच्या रकमेवर ‘टिप’ सुचवलेली असते, आणि बऱ्याच ठिकाणी ती आधीच निवडून ठेवलेली असते. पेमेंट गेटवेचं शुल्क आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी वेगळा. जाहिरातीची सेवा घेतली तर तिचे पैसे आणखी वेगळे. पान सुरू करण्याआधी त्याच संकेतस्थळावरच्या दुसऱ्या एखाद्या आवाहनाला स्वतः १०० रुपये देऊन बघा. शेवटच्या पडद्यावर एकूण किती रुपये दिसतात, टिप शून्य करता येते का, किती वेळा बोट लावल्यावर येते, हे दोन मिनिटांत समजतं. तुमच्या आत्यालाही हेच पडदे दिसणार आहेत.

दुसरं कारण पावतीचं. एका व्यक्तीच्या उपचारासाठी किंवा कुटुंबाच्या नावाने उघडलेल्या पानावर ८०जीची, म्हणजे देणगीवरची प्राप्तिकराची, सवलत मिळत नाही. ती फक्त नोंदणीकृत संस्थेच्या नावाने उघडलेल्या पानावर मिळते. हे देणगीदारांना आधी सांगितलं नाही तर मार्च महिन्यात फोन सुरू होतात.

तिसरं कारण सगळ्यात नाजूक आहे. पुष्कळ आठवण-निधी उरलेल्या पैशांतून जन्मतात. लक्ष्य गाठायच्या आत मूल जातं आणि खात्यात काही लाख शिल्लक राहतात. ते पैसे आई-वडिलांचे नाहीत. ते एका ठरावीक उपचारासाठी दिलेले आहेत. संकेतस्थळांच्या अटी इथे वेगवेगळ्या असतात: कुठे परतावा, कुठे त्याच आजाराच्या दुसऱ्या मुलाकडे वळवणं, कुठे देणगीदारांची संमती घेऊन संस्थेला देणं. पान उघडतानाच मजकुरात एक ओळ घाला: ‘उपचार शक्य न झाल्यास उरलेली रक्कम याच आजाराच्या दुसऱ्या मुलांच्या उपचारासाठी अमुक रुग्णालयाच्या निधीत जाईल.’ लिहिताना हात थरथरतो हे खरं, पण ही ओळ नसेल तर दुःखाच्या दिवसांत शेकडो लोकांना पत्रं लिहायची वेळ येते, आणि कोणीतरी जाहीरपणे हिशोब मागतंच.

व्यक्तीच्या खात्यात किंवा वैयक्तिक क्यूआर कोडवर पैसे घेणं सगळ्यात सोपं वाटतं आणि तेच सगळ्यात जास्त अंगाशी येतं. नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेली एकूण रक्कम ५०,००० रुपयांच्या वर गेली की ती पूर्ण रक्कम त्या व्यक्तीचं उत्पन्न म्हणून करपात्र ठरते. पैसे पुढे रुग्णालयाला दिले, हे सांगून ती नोंद पुसली जात नाही. शिवाय महाराष्ट्रात नोंदणीकृत न्यास नसताना धर्मादाय कामासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करायची, तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळं दरवर्षी घेतात तीच ही परवानगी. पाच-पन्नास नातेवाइकांच्या पुढे आवाहन जाणार असेल तर आधी ती घ्या.

केंद्र सरकारचं पोर्टल

३० मार्च २०२१ ला राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण मंजूर झालं. त्याच वर्षी आरोग्य मंत्रालयाने दुर्मिळ आजारांच्या रुग्णांसाठी देणग्यांचं पोर्टल सुरू केलं. रचना चांगली आहे. धोरणाखालच्या उत्कृष्टता केंद्रांपैकी, म्हणजे या आजारांसाठी नेमलेल्या रुग्णालयांपैकी, एक निवडायचं, तिथल्या नोंदलेल्या रुग्णांची आणि उपचारांच्या अंदाजित खर्चाची माहिती बघायची आणि त्या केंद्राच्या खात्यात पैसे द्यायचे. मध्ये कोणी नाही, टिप नाही, जाहिरातही नाही. रुग्णाची कागदपत्रं केंद्रातल्या तज्ज्ञांनी तपासलेली असल्यामुळे फसवणुकीची भीती जवळजवळ नाही. दिल्लीचं एम्स, चंडीगडचं पीजीआय, लखनौचं संजय गांधी संस्थान ही त्यातली काही केंद्रं. महाराष्ट्रातलं केंद्र म्हणजे मुंबईचं केईएम.

इथे एक सूचना, कारण ही चूक खरंच होते. केईएम नावाची दोन रुग्णालयं आहेत. परळचं महापालिकेचं केईएम, म्हणजे सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, हे उत्कृष्टता केंद्र. पुण्यात रास्ता पेठेत आहे ते वेगळं, एका न्यासाचं. चेक लिहिताना आणि आवाहनात नाव टाकताना गाव लिहायला विसरू नका.

पोर्टलची उणीव अशी की ते रुग्णाभोवती बांधलेलं आहे. ‘हिच्या आठवणीत’ म्हणून वर्षानुवर्षं चालणारा निधी, त्याचा वेगळा हिशोब, वर्षाअखेरचं पत्र या गोष्टी त्याच्या रचनेत बसत नाहीत. लोकांपर्यंत ते पोचलेलंही नाही. तिथे जमलेली रक्कम गरजेपुढे फार तुटपुंजी आहे.

पण धोरणाचे गट समजून घेतले तर देणगी कुठे द्यायची हे पक्कं ठरवता येतं. पहिल्या गटात एकदाच होणारे उपचार येतात, उदाहरणार्थ अस्थिमज्जा किंवा यकृताचं प्रत्यारोपण. दुसऱ्या गटात आयुष्यभर चालणारे पण तुलनेने स्वस्त उपचार आहेत, जसा फिनाइलकीटोन्यूरियाच्या मुलांचा खास आहार. तिसऱ्या गटात गोशे, पॉम्पे, एमपीएस, एसएमए यांसारखे आजार आहेत. औषध आहे, पण फार महाग आणि जन्मभराचं. मे २०२२ पासून एका रुग्णाला ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. तिसऱ्या गटात खरा घोर लागतो तो ही रक्कम संपत आली की. गोशेच्या मुलाला दर पंधरा दिवसांनी, म्हणजे वर्षाला २६ वेळा, शिरेतून औषध द्यावं लागतं. मंजुरी आणि पुढचा हप्ता यांच्यात दोन महिने गेले तर चार मात्रा चुकतात. तो खंड भरून काढणं छोट्या निधीच्या आवाक्यातलं आहे. पूर्ण उपचार पेलणं आवाक्याबाहेरचं आहे.

स्वतःचा ट्रस्ट

दहा वर्षं कागद सांभाळायची पाच जणांची तयारी असेल तरच. ती असेल तर ट्रस्ट ही फार चांगली गोष्ट आहे, हेही मनापासून सांगतो. पण नोंदणी हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. महाराष्ट्रात १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी, मग पॅन, बँक खातं, प्राप्तिकर खात्याकडची १२एबी (न्यासाच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जीची तात्पुरती नोंदणी, पुढे ती नियमित करून घेणं, दरवर्षी लेखापरीक्षण आणि विवरणपत्र. एखादा विश्वस्त बदलला, वारला किंवा पत्ता बदलला तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद. छोट्या न्यासांचं घोडं बहुतेक वेळा इथेच अडतं. आजोबा विश्वस्त असतात, ते जातात, चेंज रिपोर्ट राहून जातो, मग बँक सही बदलून देत नाही आणि मुलीच्या नावाचे पैसे तीन-तीन वर्षं पडून राहतात. म्हणून विश्वस्तांत निदान दोघं चाळिशीच्या आतली असू द्या, आणि एक जण कुटुंबाबाहेरचा.

कंपन्यांच्या सीएसआरची, म्हणजे सामाजिक कामासाठी राखलेल्या पैशाची, आशा पहिली तीन वर्षं धरू नका. बाहेरच्या संस्थेला सीएसआरचा पैसा घ्यायचा तर तीन वर्षांच्या कामाचा अनुभव दाखवावा लागतो.

व्याजावर निधी चालवायचा विचार असेल तर आधी बेरीज करा. ७ टक्के धरले तर १० लाखांवर वर्षाला ७०,००० रुपये येतात. मूळ रक्कम मोडायची नाही असं ठरलं तर देणगीदारांकडून ‘कॉर्पससाठी’ असं लेखी घ्यावं लागतं, नाहीतर ती रक्कम त्या वर्षीचं उत्पन्न धरली जाते आणि उत्पन्नातले ८५ टक्के खर्चायचा नियम लागू होतो. आमच्या मते आजारांवरचे उपचार इतक्या वेगाने बदलताहेत की मूळ रक्कम जपण्यापेक्षा पाच-सात वर्षांत ती नीट खर्चून टाकणं जास्त योग्य.

त्यापेक्षा सोपा मार्ग नियमित छोट्या देणग्यांचा. १०० माणसांनी महिन्याला २०० रुपये दिले तर वर्षाला २ लाख ४० हजार होतात. यूपीआय ऑटोपेवर हे करता येतं. पहिल्या वर्षी लोक उत्साहाने जोडले जातात, कार्ड किंवा बँक बदलली की गळतात आणि त्यांच्या ते ध्यानातही येत नाही. दर तीन महिन्यांनी थांबलेल्या मँडेटची, म्हणजे आपोआप पैसे कापायच्या परवानग्यांची, यादी काढून एक साधा फोन करणारं माणूस हवं. संदेशापेक्षा फोनचा उपयोग जास्त होतो.

पावत्या आणि परदेशातून येणारे पैसे

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो ‘मी सगळ्यांचे गोळा करून पाठवतो’ यात. ऑफिसातले चाळीस जण एकाच्या फोनवर पैसे टाकतात, तो एकरकमी संस्थेला देतो आणि पावती त्याच्या एकट्याच्या नावाने निघते. उरलेल्या एकोणचाळीस जणांची सवलत गेली. प्रत्येकाने आपल्या खात्यातून, आपल्या पॅनसह, थेट संस्थेला द्यायचे, एवढाच यावर उपाय. २,००० रुपयांच्या वरची रोख देणगी ८०जीला चालत नाही. संस्थेला देणगीदारांची यादी प्राप्तिकर खात्याकडे भरावी लागते, आजवर त्याची मुदत ३१ मे असायची. यादीत नाव नसेल तर हातातल्या पावतीचा उपयोग होत नाही. आणि ज्यांनी नवी करप्रणाली निवडली आहे त्यांना ८०जीची वजावट मिळतच नाही. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून आवाहनात क्रमांक टाकण्याआधी आपल्या सीएला एकदा विचारून घ्या.

परदेशातल्या नातेवाइकांचं पासपोर्टवर ठरतं. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी भाऊ बँकेच्या नेहमीच्या मार्गाने आपल्या बचतीतून देणगी देऊ शकतो. ओसीआय कार्ड असलेली, पण अमेरिकेची नागरिक झालेली बहीण मात्र कायद्याने परदेशी देणगीदार ठरते. तिचे पैसे घ्यायला संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं ठरलेलं खातं लागतं. नव्या ट्रस्टला ही नोंदणी सहसा तीन वर्षांच्या कामाआधी मिळत नाही. ब्रिटनमधल्या मित्रांना गिफ्ट एडचा, म्हणजे पौंडामागे २५ पेन्स सरकारकडून मिळण्याचा, फायदा घ्यायचा असेल तर तिथल्याच नोंदणीकृत संस्थेकडे पैसे जमवावे लागतात. भारतातल्या ट्रस्टला तो मिळत नाही.

रुग्णसंघटना

एसएमएसाठी क्युअर एसएमए फाउंडेशन ऑफ इंडिया, गोशे-पॉम्पेसारख्या लायसोसोमल आजारांसाठी एलएसडीएसएस, सगळ्याच दुर्मिळ आजारांसाठी बंगळुरूची ओआरडीआय, ड्युशेन या स्नायूंच्या आजारासाठी डार्ट. बहुतेक आई-वडिलांनीच उभ्या केलेल्या आहेत, म्हणून फोन उचलणाऱ्या माणसाला तुमचं दुःख समजावून सांगावं लागत नाही. ओआरडीआयची ‘रेसफॉरसेव्हन’ ही सात किलोमीटरची दौड फेब्रुवारीअखेरच्या दुर्मिळ आजार दिवसाच्या सुमाराला होते. मुलाच्या नावाचे टी-शर्ट घालून धावायला पंचवीस जण तयार असतील तर तिथे जा. मुंबई मॅरेथॉनमध्येही नोंदणीकृत संस्थांसाठी धावून पैसे उभे करता येतात. अशा दौडीतून एकदा चांगली रक्कम येते, आणि शाळेतल्या मित्रमैत्रिणींना आपणही काही केलं असं वाटतं, याचं मोल वेगळं. रक्कम पुढच्या वर्षी तितकीच येईल असं मात्र धरू नका.

रुग्णालयातला ठरावीक कामाचा निधी: आमची पहिली पसंती

सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात. मुंबई महापालिकेच्या रुग्णालयांत पुअर बॉक्स चॅरिटी फंडही असतो. सुरुवात तिथून करा, डीनच्या कार्यालयातून नाही. कोणतं कुटुंब तपासणीच्या पैशांसाठी तीनदा परत गेलं, कोण एसटीचं भाडं नाही म्हणून पुढच्या तारखेला आलं नाही, हे समाजसेवा अधीक्षकांना ठाऊक असतं. मग जनुकीय विभागाच्या डॉक्टरांना भेटा आणि शेवटी डीनना पत्र द्या.

ते पत्र एका पानाचं असावं आणि त्यात पुढच्या गोष्टी शब्दांत लिहिलेल्या असाव्यात. पैसा कशासाठी वापरायचा, उदाहरणार्थ ‘जनुकीय तपासण्या आणि त्यासाठीचा प्रवास’. एका कुटुंबाला जास्तीत जास्त किती. निर्णय कोण घेणार. आमची सूचना अशी की विभागाचे डॉक्टर आणि समाजसेवा अधीक्षक, दोघांच्या सह्या. मुलाच्या आई-वडिलांना या निर्णयात ठेवू नका. प्रत्येक अर्जात त्यांना आपलं मूल दिसतं आणि नाही म्हणणं त्यांना जमत नाही. पैसे रोख न देता थेट प्रयोगशाळेला किंवा औषध दुकानाला. दर तीन महिन्यांनी कुटुंबाला रुग्णांच्या नावांशिवाय हिशोब: किती मुलं, कोणती तपासणी, किती रुपये, शिल्लक किती. दोन वर्षांत खर्च झाला नाही तर रक्कम कुठे वळवायची. आणि मुलाचं नाव कुठे लागणार, कुठे लागणार नाही.

पैसे भरताना चेकच्या मागे आणि एनईएफटीच्या शेऱ्यात निधीचं नाव लिहा. त्याच दिवशी यूटीआर, म्हणजे बँकेच्या व्यवहाराचा, क्रमांक समाजसेवा अधीक्षकांना ईमेलने कळवा. हे केलं नाही तर मोठ्या रुग्णालयाच्या सर्वसाधारण खात्यात एक लाख रुपये सहज हरवतात. कोणी खाल्लेले नसतात, कोणत्या नावाखाली नोंदवायचे तेच कळलेलं नसतं.

कशावर खर्चावं

निदानावर. हे पहिलं, आणि यावर आम्ही ठाम आहोत. आजार अनुवांशिक असेल, आई-वडील दोघंही वाहक असतील तर पुढच्या प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के धोका असतो. नेमका जनुकीय बदल माहीत असेल तर ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना घेऊन तपासता येतं. माहीत नसेल तर बहुतेक वेळा काहीच तपासता येत नाही. अतिदक्षता विभागात मूल अत्यवस्थ आहे, निदान झालेलं नाही, आई-वडिलांचे पैसे संपलेले आहेत, अशा वेळी लव्हेंडर झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये घेतलेलं दोन-तीन मिलिलिटर रक्त आणि त्यातून राखून ठेवलेला डीएनए हीच त्या घराची पुढची आशा असते. खर्च फार नसतो, पण त्या रात्री पैसे कोण भरणार हे ठरलेलं नसल्यामुळे नमुना घेतलाच जात नाही. मुलाच्या नावाचा निधी इथे उभा असेल तर रात्री अकरा वाजताही रेसिडेंट डॉक्टर पैशांचा विचार न करता नमुना घेऊ शकतात. पत्रात हे स्वतंत्र लिहा: ‘डीएनए राखून ठेवण्याच्या खर्चाला निधीच्या पूर्वमंजुरीची गरज नाही.’

नवजात बाळांच्या तपासणीलाही मदत करता येते. बायोटिनिडेज या विकराच्या तीव्र कमतरतेत बाळाला रोज ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन हे जीवनसत्त्व आयुष्यभर द्यायचं असतं. औषध स्वस्त, पण वेळेत कळलं नाही तर झटके येतात, ऐकू येणं जातं. जन्मानंतर ४८ ते ७२ तासांत टाचेतून घेतलेले थेंब गाळण-कागदाच्या कार्डावर पुरतात. पैसे देताना नर्सच्या प्रशिक्षणाचेही द्या. कार्ड उन्हात वाळवलं, एका गोलात थेंबावर थेंब टाकला किंवा ओलं असतानाच पाकिटात घातलं की नमुना वाया जातो आणि कुटुंब दुसऱ्यांदा येत नाही.

औषधांचा हिशोब २०२५ पासून बदलला आहे. एसएमएवरचं रिस्डिप्लाम हे तोंडाने घ्यायचं औषध पूर्वी सुमारे सहा लाख रुपयांना एक बाटली पडायचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालानंतर नॅटको या भारतीय औषध कंपनीने आपली बाटली आणली, किंमत जाहीर केली १५,९०० रुपये. बाटलीत ६० मिलिग्रॅम औषध. दोन वर्षांवरच्या १० किलोच्या मुलाला दिवसाला २.५ मिलिग्रॅम, म्हणजे वर्षाला १६ बाटल्या, साधारण २ लाख ५४ हजार. २० किलो आणि त्यावर दिवसाला ५ मिलिग्रॅम, ३१ बाटल्या, ४ लाख ९३ हजारांच्या आसपास. जे औषध एका कुटुंबाच्याच काय, अख्ख्या गावाच्या वर्गणीतही बसत नव्हतं, ते आता दहा किलोच्या मुलासाठी शंभर माणसांच्या महिन्याच्या दोनशे रुपयांत जवळजवळ बसतं. तरी नियम एकच: बारा महिन्यांचे पैसे खात्यात असल्याशिवाय कोणत्याही मुलाला औषध सुरू करून देऊ नका. आठव्या महिन्यात औषध थांबलं तर ते मूल आणि त्याचे आई-वडील कुठे जातील? सरकारी मंजुरी येईपर्यंतचे तीन-चार महिने निभावून नेणं जास्त सुरक्षित.

आयात करावी लागणारी औषधं आणि खास आहार असेल तर १ एप्रिल २०२३ पासून धोरणातल्या आजारांसाठी वैयक्तिक वापराच्या आयातीवर सीमाशुल्क माफ आहे. त्यासाठी आरोग्य संचालक किंवा जिल्हा शल्यचिकित्सक यांच्याकडचं प्रमाणपत्र लागतं. माल विमानतळावर आल्यावर धावपळ करून उपयोग नाही, ते आधी हातात हवं. खास आहाराचे डबे एकदम वर्षाचे मागवू नका. मुलाचं वजन बदललं की प्रमाण बदलतं आणि डब्यांची मुदत संपते.

आणि शेवटी यंत्रं. मूल गेल्यावर घरात बायपॅप (मास्कमधून श्वासाला मदत करणारं यंत्र), सक्शन मशीन (घशातला कफ ओढून काढणारं), पल्स ऑक्सिमीटर पडून असतात. ते कपाटात ठेवायला कोणाला बरं वाटत नाही आणि विकायला मन होत नाही. रुग्णालयाच्या विभागातून किंवा संघटनेतून ती दुसऱ्या मुलाला वापरायला देणं हा फार चांगला उपयोग आहे, पण यंत्राबरोबर चालू खर्चाची तरतूद हवी. बायपॅपचा मास्क, नळी आणि फिल्टर प्रत्येक मुलाला नवे. मास्क मापाचा नसेल तर हवा गळते, डोळे लाल होतात आणि आई रात्री तो काढून ठेवते. सक्शनची बरणी आणि जिवाणू-फिल्टर बदललेले, लहान मुलांच्या ६, ८ आणि १० नंबरच्या कॅथेटरची पाकिटं सोबत. बॅटरी असलेलं यंत्र असेल तर वीज काढून किती मिनिटं चालतं ते मोजून चिठ्ठीवर लिहा. गावात भारनियमन असलेल्या घराला हाच आकडा सगळ्यात आधी लागतो. अनामत रक्कम घेऊ नका. त्याऐवजी आधारची प्रत आणि दोन फोन क्रमांक घ्या, आणि महिन्यातून एकदा फोन करा. परत आलेलं यंत्र कंपनीच्या तंत्रज्ञाकडून तपासून घेतल्याशिवाय पुढे देऊ नका.

यंत्राची पिशवी जाड कापडाची, धुता येईल अशी शिवून घ्या. आतल्या कप्प्यात वापरायची पद्धत मराठीत, मोठ्या अक्षरांत. बाहेर मुलाचं फक्त पहिलं नाव, आडनाव नको, फोटो नको, तारखा नकोत. नावाखाली रिकामी जागा सोडा, म्हणजे ज्या घरी यंत्र जाईल तिथली आई शेवटचा फिल्टर कधी बदलला ते पेनने लिहू शकेल.